स्नेहशील व्यक्तिमत्त्व : गुण, मोल आणि मर्यादा



संस्थेची पन्नास वर्षे मोजताना आपण वास्तू, ठेवी आणि अहवाल पाहतो. परंतु संस्था पन्नास वर्षे टिकते ती एका विशिष्ट स्वभावाच्या माणसांमुळे. त्यांची नावे अहवालात क्वचितच येतात. आज त्याच स्वभावाविषयी काही विचार आपणासमोर मांडतो.

स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली मानवी स्वभावप्रकारांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. निर्णय घेताना काही जण तर्काला अग्रस्थान देतात, तर काही जण भावना व मूल्य यांना, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे अमेरिकेत कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची कन्या इझाबेल मायर्स यांनी या विचारातून सोळा प्रकारांची चाचणी सिद्ध केली. त्यांतील एक प्रकार स्नेहशील, मनमिळाऊ, माणसांत रमणाऱ्यांचा आहे. अशा चौकटीत कोणीही पूर्णपणे बसत नाही; तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली तर अनेकांचा प्रकार बदलतो. म्हणून तिला शिक्का न मानता आरसा मानावे.

या स्वभावाची माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाच्या मुलीची परीक्षा आहे, हे त्यांना सांगावे लागत नाही. पंगतीत कोणाचे पान रिकामे राहिले, हे वाढप्याआधी त्यांना दिसते. त्यांचे सांत्वन शब्दांत कमी आणि पोहोचविलेल्या डब्यात अधिक असते. दिलेला शब्द पाळणे, रीतभात सांभाळणे, दुरावलेल्या दोघांना एकत्र बसविणे, हे सारे ते सहजपणे करतात.

या गुणांच्या सावलीतच त्यांच्या मर्यादाही असतात. त्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही. केलेल्या कष्टांची दखल घेतली गेली नाही, तर बोलून न दाखविता ते मनात कुढतात. कामावरची टीका त्यांना स्वतःवरची टीका वाटते. ‘चार माणसे काय म्हणतील’ या विचाराने कधी न्याय्य गोष्टीपासूनही ते मागे सरतात. शिवाय त्यांच्या जिव्हाळ्याची ऊब पुष्कळदा आपल्या माणसांपुरतीच राहते.

येथे आपल्या परंपरेतील एका विचाराचे स्मरण उचित ठरेल. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात चार भावना सांगितल्या आहेत. प्राणिमात्रांविषयी मैत्री, गुणवंतांविषयी प्रमोद, दुःखितांविषयी कारुण्य आणि जे ऐकून घेण्यास तयार नाहीत त्यांच्याविषयी माध्यस्थ्य. स्नेहशील माणसाला मैत्री आणि कारुण्य बहुधा जन्मतःच लाभलेले असते. दुसऱ्याच्या उत्कर्षाने आनंदणारा प्रमोद प्रयत्नाने साधतो. त्याला खरी उणीव भासते ती चौथ्या भावनेची. समोरचा रुसला तरी आपण ढळू नये आणि त्याचा द्वेषही करू नये, हे माध्यस्थ्य नसेल तर स्नेह हा इतरांच्या मर्जीचा दास होतो.

या चारही भावना एका जीवनात पाहावयाच्या असतील तर कर्मवीर भाऊराव पाटील यांच्याकडे पाहावे. १८८७ साली कुंभोज येथे जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. कोल्हापुरात शिकत असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना स्वतःचे वसतिगृह सोडावे लागले, असे चरित्रकार नोंदवितात. आपल्या माणसांची नाराजी त्यांनी पत्करली, परंतु आपल्या माणसांशी वैर धरले नाही. १९१९ साली कराडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ पासून साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहू, जेवू आणि शिकू लागली. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ हे नाव मिळाले. शाळेचे नाव बदलण्याच्या अटीवर देऊ केलेली मोठी देणगी त्यांनी नाकारली, हेही महाराष्ट्रात आदराने सांगितले जाते. दीनांसाठी दारोदार हात पसरणारा हा माणूस, प्रसंगी देणाऱ्यालाही नम्रपणे ‘नाही’ म्हणू शकत होता.

मात्र या कथेची दुसरी बाजू सांगितल्याविना ती अपुरी राहील. त्या मुलांसाठी चूल पेटती ठेवणाऱ्या लक्ष्मीबाई पाटील सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या होत्या. तरीही सर्व जातींच्या लेकरांना त्यांनी पोटाशी धरले. धान्य संपले तेव्हा दागिने गेले आणि अखेर मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थेचा पुढचा विस्तार त्यांना पाहता आला नाही. एका व्यक्तीच्या औदार्याचा भार पुष्कळदा घरातील दुसरी व्यक्ती मुकाट्याने वाहत असते. लोकसेवकाचा गौरव करताना त्या दुसऱ्या व्यक्तीस विसरणे हा अन्याय होय.

बंधूभगिनींनो, आपल्या समाजातही अशी माणसे आहेत. पर्युषणात स्वयंपाकघराची व्यवस्था पाहणाऱ्या भगिनी, रुग्णाबरोबर रात्रभर जागणारा तरुण, हिशेब जुळेपर्यंत न उठणारे काका. ‘ते करतीलच’ असे म्हणून आपण प्रत्येक काम त्यांच्याकडेच सोपवितो. त्यांच्या प्रशस्तीचे शब्द स्मरणिकेत छापणे सोपे आहे. त्यांच्या खांद्यावरचा अर्धा भार उचलणे कठीण आहे, आणि अधिक आवश्यकही आहे. त्यांना विचारा, ‘आपण दमलात का?’ त्यांनी एखादे काम नाकारले तर ते प्रसन्नतेने स्वीकारा.

आणि ज्यांचा स्वभावच असा आहे, त्यांना एवढीच विनंती की, आपला स्नेह ओळखीच्या उंबरठ्याबाहेर जाऊ द्या. प्रसंगी ‘नाही’ म्हणण्याचे धैर्यही त्याला द्या. ज्या दिव्यात तेल घालण्याचे भान राहते, तोच दिवा दीर्घकाळ प्रकाश देतो.

सुवर्णमहोत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा. जय जिनेंद्र!