पटांगणातील दुपारची सावली



देवळाचा जीर्णोद्धार म्हटला की कळस, गाभारा, सभामंडप यांचा विचार प्रथम होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु नंदुरबार जिल्ह्याच्या वैशाखात दुपारी पटांगणात माणूस बसू शकेल काय, हाही विचार व्हावयास हवा. भजनाला येणारे बहुधा वयस्कर असतात, आणि देवाच्या दारी सर्वांचेच पाय अनवाणी असतात.

नंदुरबार कर्कवृत्ताच्या थोडे दक्षिणेस आहे. मेअखेरीस मध्यान्ही, घड्याळात सुमारे १२.३० वाजता, सूर्य नेमका डोक्यावर येतो. तेव्हा वरचे छप्पर पुरते. पुढे मात्र ऊन पश्चिमेकडून, किंचित वायव्येच्या अंगाने, तिरपे शिरते. पश्चिमेकडील छपराची कड १० फूट उंच असेल, तर ४ वाजता ऊन सुमारे ११ फूट आणि ५ वाजता सुमारे १९ फूट आत येते. म्हणजे १५ फूट रुंदीच्या मांडवाखाली ५ वाजता सावलीच उरत नाही! अशा वेळी छप्पर वाढविण्यापेक्षा पश्चिमेच्या अंगास बांबूची ताटी उभी करणे स्वस्त आणि उपयोगी. खाली दोन हात जागा मोकळी ठेवावी, म्हणजे वारा खेळता राहतो.

पत्र्याचे छप्पर टिकाऊ खरे. पण तापलेला पत्रा खाली बसलेल्यांना भाजून काढतो. पत्र्यावर पांढऱ्या चुन्याचा हात द्यावा आणि खाली थोडे अंतर सोडून बांबूच्या चटयांचे आढे करावे. फरशीही दिवसभर तापते व सूर्य मावळल्यावरही ऊब सोडीत राहते. म्हणून सर्व पटांगणात फरशी न घालता काही भाग मातीचा, सारवलेला ठेवावा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जीर्णोद्धारात पटांगण प्रशस्त करण्यासाठी पश्चिमेकडचा जुना निंब तोडण्याचा विचार पुष्कळ ठिकाणी निघतो. सभामंडप वर्गणीतून वर्षात उभा राहील. तेवढा निंब मात्र कोणत्याही वर्गणीतून वर्षात उभा राहणार नाही. नकाशा दोन हात सरकवावा, झाड राखावे. आणि झाड नसेल तर याच पावसाळ्यात पश्चिमेस निंब लावून त्याला कुंपण करावे.

देव गाभाऱ्याच्या गारव्यात असतो. त्याच्या दारी आलेल्या म्हाताऱ्या माणसालाही सावली मिळाली, तर जीर्णोद्धार पूर्ण झाला असे म्हणता येईल.