बॉल पायाशी, दम छातीत

आज बोलायचं आहे ते फुटबॉल खेळणाऱ्या दहा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींशी, आणि त्यांच्या आईवडिलांशीसुद्धा. मी वाडीत राहतो. ट्रान्सपोर्टची गोदामं, अमरावती रोडवर उभे ट्रक, एका अंगाला आयुध निर्माणीची वसाहत आणि थोडं पुढे हिंगण्याची एमआयडीसी, असं हे आमचं नागपूरला चिकटलेलं गाव. इथल्या पोट्ट्यांची पहिली तक्रार ठरलेली: ‘सर, खेळाले ग्राउंडच नाही.’ तक्रार खरी आहे. पण ग्राउंड मिळेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. फुटबॉलमधलं बॉलवरचं प्रभुत्व आणि खेळाला लागणारा दम, दोन्ही छोट्या जागेत कमावता येतात.

याचा दाखला नागपुरातच आहे. हिस्लॉप कॉलेजात क्रीडा शिकवणाऱ्या विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांना भर पावसात फुटक्या बादलीला लाथा मारत खेळताना पाहिलं आणि त्यांना खरा बॉल दिला. त्यातून २००१ पासून ‘स्लम सॉकर’ या संस्थेचं काम उभं राहिलं. याच कामातून पुढे आलेला नागपूरचा अखिलेश पॉल २०१० साली ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोला झालेल्या होमलेस वर्ल्ड कपमध्ये, म्हणजे बेघरांच्या फुटबॉल स्पर्धेत, भारताचा कॅप्टन होता. २०१६ साली फिफाने या संस्थेला आपला डायव्हर्सिटी पुरस्कार दिला. २०२२ मध्ये नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ हा सिनेमा आला आणि बारसे सरांची गोष्ट घरोघरी पोचली.

सिनेमावर पुष्कळ बोलून झालं आहे. मला त्या होमलेस वर्ल्ड कपच्या मैदानाच्या मापावर बोलायचं आहे. ते मैदान फक्त २२ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद असतं. एका बाजूने चार खेळाडू, त्यातला एक गोलकीपर. सात-सात मिनिटांचे दोन हाफ. मोठ्या सामन्याचं मैदान साधारण १०५ बाय ६८ मीटर. म्हणजे मोठ्या मैदानाचं क्षेत्रफळ या छोट्या मैदानाच्या साधारण वीसपट. इतक्या लहान जागेत कुणाला उभं राहायला फुरसत मिळत नाही. बॉल सारखा पायाशी येतो, समोरचा अंगावर येतो, आणि डोकं भराभर चालवावं लागतं.

आता मोठ्या सामन्याचा हिशेब पाहा. ९० मिनिटांत एखादा खेळाडू दहा-अकरा किलोमीटर पळतो. पण बॉल त्याच्या एकट्याच्या ताब्यात असतो फार तर दोन-तीन मिनिटं. तेवढ्यात पहिला स्पर्श बिघडला, की मघाचं सगळं पळणं पाण्यात. आणि उलटही खरं आहे. पाय थकले की सर्वांत आधी तोच स्पर्श बिघडतो. म्हणून ‘सकाळी दम, संध्याकाळी स्किल’ अशी वाटणी करू नका. बॉल घेऊनच दम वाढवा.

पहिलं काम भिंतीशी. गोदामाची मागची भिंत असो की घराची, मालकाला विचारून घ्या. चार-पाच पावलांवर उभं राहून पायाच्या आतल्या बाजूने बॉल मारा आणि परत येईल तो एका स्पर्शात थांबवा. थांबवताना पाय ताठ ठेवू नका, बॉल लागताक्षणी किंचित मागे घ्या, म्हणजे तो उसळत नाही. उजव्याने जितके माराल तितकेच डाव्याने मारा. जमायला लागलं की थांबवणं सोडा आणि पहिल्याच स्पर्शात बॉल बाजूला काढून पुढे निघा. सामन्यात थांबलेल्या बॉलवर समोरचा लगेच झडप घालतो.

दुसरं काम ड्रिब्लिंगचं. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या किंवा चपला एकेक पावलावर ओळीने मांडा. आतली बाजू, बाहेरची बाजू, तळवा, असं पाळीपाळीने वापरत त्यांच्यातून बॉल न्या. आधी सावकाश, मग वेगात. नजर बॉलवर खिळवून ठेवायची नाही. मित्राला समोर उभं करा, त्याने बोटं दाखवावीत आणि तुम्ही पळता पळता किती ते सांगावं. मान वर ठेवायची सवय लागते ती अशी.

तिसरं काम, आणि माझ्या मते सर्वांत मोठं, तीनास तीन किंवा चारास चार खेळण्याचं. तीन-चार मिनिटं जीव तोडून खेळा, तितकीच विश्रांती घ्या, पुन्हा खेळा. असे चार-पाच डाव झाले की दमाचा व्यायाम झाला. फुटबॉलपटू एका लयीत पळत नाही. तो चालतो, धावतो, एकदम सुटतो, थांबतो, वळतो. म्हणून अमरावती रोडच्या कडेने, ट्रकांचा धूर खात, रोज लांब पल्ल्याचं पळणं मला पटत नाही. त्यात धोका आहे आणि खेळाला हवा तो दमही त्यातून पुरता मिळत नाही. त्यापेक्षा दहा-वीस मीटरच्या सुसाट धावा मारा, दोन धावांमध्ये पुरतं सावरा, आणि मग पुढची घ्या.

खेळण्याआधी अंग गरम करणं आमच्याकडे हमखास टाळलं जातं. फिफाने ‘इलेव्हन प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप तयार केला आहे. आधी आठ मिनिटं हलकं धावणं. मग दहा मिनिटं पोटाची, मांड्यांची ताकद, एका पायावर तोल आणि उड्या. शेवटी दोन मिनिटं वेगाने धावणं आणि दिशा बदलणं. आठवड्यातून दोनदा तरी तो नेमाने केला तर दुखापती बऱ्याच कमी होतात, असं अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. लक्ष एकाच गोष्टीकडे द्या: उडी मारून खाली येताना गुडघे आतल्या बाजूला झुकू देऊ नका. मुलींनी तर हे फारच जपायचं, कारण गुडघ्याचा लिगामेंट फाटण्याचा धोका त्यांना मुलांपेक्षा जास्त असतो. या वॉर्मअपला साहित्य फारसं लागत नाही.

आईवडिलांनो, आता तुमच्याशी. मुली साधारण अकरा-बारा आणि मुलगे तेरा-चौदा वर्षांच्या आसपास झपाट्याने उंच होतात. त्या काळात कालपर्यंत सफाईने खेळणारा मुलगा एकाएकी धडपडायला लागतो. तो आळशी झालेला नसतो. हाडं आधी वाढतात, स्नायू मागाहून त्यांना गाठतात. गुडघ्याखाली किंवा टाचेत दुखायला लागलं तर ‘खेळाडूने सहन करायला पाहिजे’ असं म्हणू नका. भार कमी करा, दुखणं राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. मुलाचं वय जितकी वर्षं, आठवड्याला तितक्या तासांहून जास्त सराव नको, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. बॉलही वयाप्रमाणे घ्या. बारा वर्षांपर्यंत चार नंबरचा, पुढे पाच नंबरचा. लहान पायाला जड बॉल दिला की मारण्याची ढबच चुकीची बसते.

आपल्या नागपूरचं ऊन वेगळं सांगायला नको. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि नेमक्या तेव्हाच शाळांना सुट्ट्या असतात. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत सराव उरका, नाहीतर संध्याकाळी ऊन उतरल्यावर या. सुट्टीतला पहिला आठवडा निम्म्याच जोराने खेळा. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी प्या. कुणाचं डोकं दुखलं, मळमळलं, बोलणं असंबद्ध झालं, तर खेळ तिथेच थांबवा. त्याला सावलीत न्या, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि वेळ न घालवता दवाखाना गाठा.

खाण्यासाठी प्रोटीन पावडरीचे महागडे डबे आणू नका. भाकरी किंवा पोळी, तुरीचं वरण, मोड आलेली मटकी, अंडी, दही, फुटाणे, शेंगदाणे आणि गूळ यांत वाढत्या खेळाडूला लागणारं बहुतेक सगळं येतं. खेळण्याआधी तासभर एखादं केळ, नंतर संत्रं, आणि दोन तासांच्या आत पोटभर जेवण. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप हवी. रात्री बारापर्यंत मोबाइलवर दुसऱ्यांचे गोल पाहत बसलात, तर सकाळी तुमचा गोल व्हायचा नाही.

नागपूर-कामठीला फुटबॉलची परंपरा जुनी आहे. कामठीचा रब्बानी क्लब, नागपूरचा राहुल क्लब ही नावं इथल्या लीगमध्ये नेहमीची. त्या क्लबांपर्यंत पोचायची वाट गल्लीतल्या चारास चारच्या डावातूनच जाते. तेव्हा मुलांनो, आणि मुलींनो, तुम्हीसुद्धा, सुट्टीचा दिवस सोडून रोज अर्धा तास भिंतीशी घाला, आठवड्यातून दोनदा वॉर्मअपसकट छोटे डाव मांडा, आणि तीन महिने खंड पडू देऊ नका.

शेवटी एक विनंती वाडीतल्या गोदाममालकांना आणि नगर परिषदेच्या मंडळींना. २२ बाय १६ मीटर म्हणजे काही मोठी जागा नव्हे. जिथे संध्याकाळी माल उतरत नाही, ट्रकही उभा राहत नाही, असा एखादा बंदिस्त कोपरा रोज दीड तास पोरांना द्या. रस्त्यावरची पोरं आत येतील आणि वाडीत एक मैदान तयार होईल.