अनिश्चिततेचे ओझे कोणाच्या खांद्यावर?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



कोविडच्या साथीने २०२० साली सामान्य माणसासमोर दोन प्रश्न उभे केले. ज्याला ताप नाही, खोकला नाही, असा धडधाकट दिसणारा माणूस रोग पसरवीत असू शकतो काय? आणि ज्याला एकदा लागण होऊन गेली, तो पुन्हा आजारी पडणार नाही अशी खात्री देता येते काय? हे दोन्ही प्रश्न वैद्यकाचे खरे. परंतु त्यांची उत्तरे हाती येईपर्यंत कोणी घरी बसायचे, कोणी कामावर जायचे आणि कोणाची मजुरी बुडायची, हे प्रश्न अर्थकारणाचे आणि राजकारणाचे होते. ती साथ ओसरली म्हणून त्यांचा विचार संपत नाही. पुढची साथ येईल तेव्हा विषाणू नवा असेल. हे दोन प्रश्न मात्र पुन्हा दारात उभे राहतील.

प्रथम लक्षणविरहित संसर्गाचा प्रश्न घेऊ. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ हे पर्यटकांचे जहाज रोखून धरण्यात आले. त्यावर सुमारे ३,७०० माणसे होती. २० फेब्रुवारीपर्यंत बाधित ठरलेल्या ६३४ जणांपैकी ३२८ जणांना तपासणीच्या वेळी कोणतेही लक्षण नव्हते. म्हणजे निम्म्याहून अधिक. परंतु यांतील काहींना पुढे लक्षणे दिसणार होती. अखेरपर्यंत लक्षणविरहित राहणाऱ्यांचे प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास असावे, असा संशोधकांचा अंदाज निघाला. ‘अजून लक्षणे न दिसलेला’ आणि ‘कधीच लक्षणे न दिसणारा’ हे दोन वेगळे गट आहेत. हा भेद लोकांपर्यंत नीट पोहोचलाच नाही. ८ जून २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या एका तज्ज्ञांनी लक्षणविरहित व्यक्तींकडून होणारा प्रसार अत्यंत विरळ असल्याचे सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी, ते विधान मोजक्या अभ्यासांपुरते होते, असा खुलासा करावा लागला. खुलाशापेक्षा मूळ विधानच अधिक दूरवर गेले. ‘तज्ज्ञांनाच काही कळत नाही’ ही भावना अशा प्रसंगांतून बळावली.

त्या जहाजाने आणखी एक गोष्ट दाखवून दिली. प्रवाशांना आपापल्या खोल्यांत बंद राहण्यास सांगण्यात आले. परंतु त्यांचे जेवण रांधणारे आणि ते दारापर्यंत पोहोचविणारे कर्मचारी कामावरच राहिले व रात्री दाटीवाटीच्या सामायिक खोल्यांत झोपले. या कर्मचाऱ्यांत शंभराहून अधिक भारतीय होते. धोका सर्वांना सारखाच अज्ञात होता. विलगीकरण मात्र भाडे भरणाऱ्यांच्या वाट्याला आले आणि श्रम करणाऱ्यांच्या वाट्याला अनिश्चितता आली. पुढे आपल्या शहरांत हेच घडले. सोसायटीच्या फाटकावर घरकामगार बाईला ‘तुझ्यामुळे रोग येईल’ म्हणून अडविण्यात आले. तिची बुडालेली मजुरी कोणी द्यायची, हे मात्र क्वचितच कोणी विचारले.

आता प्रतिकारशक्तीचा प्रश्न. संसर्गानंतर शरीर त्या विषाणूविरुद्ध विशिष्ट प्रथिने तयार करते. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. रक्तात ती सापडली म्हणजे संसर्ग होऊन गेला असावा, इतके कळते. पुढे किती काळ आणि किती प्रमाणात संरक्षण मिळेल, हे त्यावरून निश्चित सांगता येत नाही. उलट कालांतराने प्रतिपिंडे कमी झाली, तरी शरीराची रोगविषयक स्मृती पूर्ण पुसली जाते असेही नाही. ‘प्रतिकारशक्तीची प्रमाणपत्रे’ देण्याची कल्पना काही देशांत निघाली, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने २४ एप्रिल २०२० रोजी त्याविरुद्ध इशारा दिला होता तो याच कारणाने.

जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन प्रभागांच्या रक्तपाहणीचे निष्कर्ष जाहीर झाले. सुमारे ६,९०० नमुन्यांच्या या पाहणीत झोपडपट्टीतील ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली. इतर वस्तीत हे प्रमाण १६ टक्के होते. बाधितांपैकी बहुसंख्यांची कोठेही नोंद झालेली नव्हती, कारण त्यांना एक तर लक्षणे नव्हती किंवा ती सौम्य होती. या आकड्याचा सरळ अर्थ असा की, दाट वस्ती, सार्वजनिक नळ आणि सामायिक शौचालये यांमुळे गरिबांना लागण साडेतीनपट झाली. परंतु अनेकांनी त्यातून निराळाच निष्कर्ष काढला. झोपडपट्टी ‘सामूहिक प्रतिकारशक्ती’च्या उंबरठ्यावर पोहोचली, असे समाधान व्यक्त होऊ लागले. जे घरांच्या दुरवस्थेचे आरोपपत्र होते, त्याचे अभिनंदनपत्र झाले.

या समाधानाला धक्का लवकरच बसला. ब्राझीलमधील मनौस शहरात ऑक्टोबर २०२० पर्यंत तीन-चतुर्थांश लोकांना लागण होऊन गेली असावी, असा अंदाज प्रसिद्ध झाला होता. त्याच शहरातील रुग्णालयांत जानेवारी २०२१ मध्ये प्राणवायू संपला. अंदाज चुकला, प्रतिकारशक्ती ओसरली की विषाणूचे नवे रूप आले, यावर शास्त्रज्ञांनी एकाहून अधिक कारणे मांडली. भारतातही साथ संपल्याची भाषा सुरू असतानाच २०२१ च्या उन्हाळ्यात दुसरी लाट उसळली. मुंबई महापालिकेने मार्च २०२१ मध्ये सुमारे ९० टक्के नवे रुग्ण इमारतींतील असल्याचे सांगितले. झोपडपट्टीला पहिल्या लाटेतील संसर्गाने संरक्षण दिले, असा त्याचा एक अर्थ होतो. मजुरी बुडेल या भीतीने तेथील माणूस तपासणीलाच गेला नाही, असाही अर्थ होऊ शकतो. दोन्ही गोष्टी काही अंशी खऱ्या असू शकतात. नुसता आकडा याचा निवाडा करीत नाही.

येथे अर्थशास्त्रातील एका जुन्या विचाराची आठवण करणे उपयुक्त ठरेल. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ साली जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला. ज्याची शक्यता मोजता येते ती जोखीम. तिचा विमा उतरविता येतो. जी मोजताच येत नाही ती अनिश्चितता. आणि ती पत्करणाऱ्या उद्योजकाला मिळणारे फळ म्हणजे नफा, अशी त्यांची मांडणी होती. हा सिद्धांत साथीच्या काळाला लावून पाहावा. मोजता न येणारी अनिश्चितता तेव्हा कोणी पत्करली? सफाई कामगाराने, आशा कार्यकर्तीने, भाजीविक्रेत्याने, बसच्या चालकाने. नाइट यांच्या तर्काने नफ्याचे पहिले हक्कदार हे ठरतात. प्रत्यक्षात त्यांच्या हाती कापलेले वेतन आणि संशय आला.

तपासणीचेच उदाहरण घ्या. पगारी रजा असलेल्या माणसाला तपासणीतून माहिती मिळते. रोजंदारीवरच्या माणसाला लक्षणे नसताना ‘बाधित’ असा शिक्का मिळाला, तर त्या माहितीची किंमत चौदा दिवसांची मजुरी असते. तो तपासणी टाळतो यात अज्ञान कमी आणि हिशेब अधिक आहे. कामगार राज्य विमा योजनेत आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्त्याची सोय होती. परंतु देशातील सुमारे नव्वद टक्के श्रमिक अशा संरक्षणाबाहेर होते. लोकांनी शास्त्रावर विश्वास ठेवावा असे वाटत असेल, तर तो विश्वास त्यांना परवडला पाहिजे.

शासनानेही अनिश्चिततेवर प्रमाणपत्राचा तोडगा काढला. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईच्या लोकलचा प्रवास, दुसरी मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना खुला करण्यात आला. आता हिशेब करावा. अठरा ते चव्वेचाळीस वयाच्या लोकांना केंद्राकडून मोफत लस २१ जून २०२१ पासून मिळू लागली. कोविशील्डच्या दोन मात्रांत ८४ दिवसांचे अंतर सक्तीचे होते. म्हणजे २१ जूनलाच रांगेत पहिला उभा राहिलेला तरुण कामगार २७ सप्टेंबरपूर्वी या नियमाने लोकलमध्ये बसू शकत नव्हता. ज्याला मे महिन्यात खाजगी रुग्णालयात पैसे मोजून लस घेता आली, तो त्याच्या आधी डब्यात चढला. लस आवश्यक होती आणि तिने असंख्य प्राण वाचविले, याबद्दल शंका नाही. परंतु लसीचा पुरवठा अपुरा असताना तिचे प्रमाणपत्र रोजगाराची अट बनले की आरोग्याच्या नियमातून वर्गभेद निपजतो.

याहून वेगळा मार्ग या देशानेच चोखाळलेला आहे. पोलिओचा बहुतांश संसर्गही लक्षणविरहित असतो. सुमारे दोनशे बाधितांत एखाद्यालाच पक्षाघात होतो. वाहक कोण, हे ओळखणे अशक्यप्राय होते. म्हणून १९९५ पासूनच्या मोहिमेत कोणावर संशय घेतला गेला नाही, कोणाकडे प्रमाणपत्र मागितले गेले नाही. प्रत्येक बालकाला, प्रत्येक वेळी, विनामूल्य लस दिली गेली. कार्यकर्त्या घरोघरी गेल्या. देशातील अखेरचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. न दिसणाऱ्या संसर्गाला सार्वत्रिक सेवेने उत्तर देता येते, याचा हा पुरावा आहे.

कार्यकर्त्यांनी यातून तीन मागण्या बांधाव्यात. विलगीकरणात पाठविलेल्या प्रत्येक श्रमिकाला, लक्षणे असोत वा नसोत, त्या दिवसांचे वेतन कायद्याने मिळावे. साथीसंबंधी प्रत्येक शासकीय निवेदनात काय निश्चित आहे, काय अंदाज आहे आणि काय अजून अज्ञात आहे, हे मराठीत स्वच्छ सांगावे. चूक दुरुस्त झाली तर दुरुस्तीही तितक्याच ठळकपणे छापावी. आणि नळ, शौचालये व राहती जागा यांवरील खर्च हा साथप्रतिबंधाचाच खर्च मानून अंदाजपत्रकात मागावा. १८९७ च्या साथरोग कायद्याने शासनाला लोकांवर निर्बंध घालण्याचे अधिकार दिले. त्या निर्बंधांत लोकांचे पोट भरण्याचे कर्तव्य मात्र त्याने शासनावर घातले नाही. ही उणीव सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

विज्ञानाला उत्तर शोधायला वेळ लागतो, आणि तो वेळ त्याला दिलाच पाहिजे. ‘अजून ठाऊक नाही’ हे शब्द ऐकून घेण्याइतकी समज कष्टकऱ्यांपाशी आहे. ज्याचा पाऊस आणि रोजगार दोन्ही बेभरवशाचे, त्याला अनिश्चिततेची ओळख कोणी करून द्यायची? हा वेळ कोणाच्या मजुरीतून काढायचा, एवढेच ठरवायचे आहे. पुढची साथ येण्यापूर्वी, वस्तीवस्तीत आणि अंदाजपत्रकाच्या प्रत्येक चर्चेत, हा निर्णय करून घेणे कार्यकर्त्यांच्या हाती आहे.