झोपेची वही

(मुलुंड येथील वसंत व्याख्यानमालेत एका आईने दिलेले व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून.)

पत्रिकेवर विषय छापलाय 'बायपोलर आजार असलेलं मूल आणि पालक'. आजाराची ओळख करून द्यायची गरज नाही. उन्माद आणि नैराश्य आलटून पालटून येतात, १९४९ साली जॉन केड यांनी लिथियमचा गुण दाखवला, हे सगळं तुमचं वाचून झालेलं असणार. मला बोलायचंय ते मुलाच्या झोपेबद्दल. गोळ्या डॉक्टर लिहून देतात. रात्र सांभाळायची ती आपण, आणि 'आपण' म्हणजे फक्त आईबाप नव्हेत.

त्याआधी एक सांगते. हट्टी मूल, चिडकं मूल म्हणजे बायपोलर नव्हे. अमेरिकेत १९९४-९५ ते २००२-०३ या काळात डॉक्टरांकडे येणाऱ्या मुलांमध्ये हे निदान चाळीस पटींनी वाढलं. एवढा आजार अचानक कुठून येईल? निदानाचा हात सैल सुटला होता. म्हणून २०१३ साली डीएसएम-५ या निदानाच्या पुस्तिकेत सतत चिडचिड करणाऱ्या मुलांसाठी वेगळं नाव आलं. लहान वयात बायपोलर आजार विरळाच. बहुतेकांना तो किशोरवयात किंवा विशीत गाठतो. तेव्हा आज घरी जाऊन नातवाला निरखत बसू नका. (हशा)

मग ओळखायचं कसं? परीक्षेच्या काळजीने जागलेलं मूल दुसऱ्या दिवशी पेंगतं. उन्मादातलं मूल तीन तास झोपून उठतं आणि पेंगत नाही. दिवसचे दिवस पेंगत नाही.

आमचा मुलगा नऊ वर्षांचा होता. गणपतीला गावी देवगडकडे निघालो. ठाण्याहून रात्रीची गाडी, पाय ठेवायला जागा नाही, पोरं दोन बाकांच्या मध्ये चादर टाकून. कोणालाच झोप नाही. कणकवलीला उतरलो, घरी पोचलो, तर रात्री भजन. दुसऱ्या रात्री शेजारच्या वाडीत भजन. मुलांना कोण झोपा म्हणणार? तिसऱ्या दिवशी पहाटे चारला उठून पडवीत बघते तर हा स्केचपेन घेऊन उभा. नवा चुना दिलेल्या भिंतीवर मुलुंड ते देवगड थेट लोकल काढलेली. प्रत्येक स्टेशन, प्रत्येक पूल, मध्ये दोन बोगदे त्याने स्वतः मंजूर केलेले. आरतीला आलेल्या प्रत्येक माणसाला हात धरून नेऊन दाखवायचा. माझी नणंद कौतुकाने म्हणाली, "वहिनी, केवढी बुद्धी गं पोराची!" खरंच वाटेल असंच होतं ते. पण ओठ कोरडे पडलेले, एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू, ताटातला मोदक तसाच. पाचव्या दिवशी तो कौलांवर चढला. लाइन वरून आखायची होती. चुलतभावाने खाली ओढलं तर त्याला चावला. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. त्यांना कोणी हसू नका, त्यांना जे येत होतं ते त्यांनी जिवाच्या आकांताने केलं. दसऱ्यानंतर हाच मुलगा शाळेचे बूट समोर ठेवून तासन् तास नुसता बसायचा. "आई, मी कशाला आहे?" असं नऊ वर्षांचं मूल विचारतं तेव्हा...

वेळ बराच गेला यात. अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत.

मागून विचारताहेत, मग गणपतीला जायचंच नाही का? जातो की. दिवसाच्या गाडीने जातो. भजन ऐकतो, दहाला मागच्या खोलीत अंथरूण. गावाला सुरुवातीला राग आला, आता दहाच्या सुमाराला कोणीतरी स्वतःहूनच म्हणतं, "बाय, त्याका निजव." (टाळ्या)

आमच्याकडे एक साधी वही आहे. झोपला कधी, उठला कधी, गोळी, आणि एक ओळ दिवस कसा गेला याची. डॉक्टर आधी ती वही मागतात. दोन रात्री झोप कमी झालेली दिसली की आम्ही फोन करतो, कौलांवर चढायची वाट बघत नाही.

"एवढ्या लहान मुलाला गोळ्या?" हा प्रश्न मला सोसायटीच्या लिफ्टमध्येही विचारतात. दम्याच्या मुलाच्या आईला पंपाबद्दल असं कोणी विचारतं का? हो, लिथियम जपून द्यावं लागतं. रक्त तपासावं लागतं. मुंबईच्या मे महिन्यात घाम फार गेला, उलट्या-जुलाब झाले, तर रक्तातलं प्रमाण वाढतं. पाणी द्या, मीठ एकदम तोडू नका. तापाला आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने देऊ नका, त्यानेही ते वाढतं. हे माहीत असलेली आई घाबरून गोळी बंद करत नाही.

चेकनाका ओलांडला की ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून काम करते आहे. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर रात्रीही लागतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायला सांगितलंय. यावर स्वतंत्र व्याख्यान ठेवा, मी ऐकायला येईन.

पण सोसायट्यांच्या सेक्रेटरींना आत्ताच सांगते. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर नको, हा नियम २००० सालचा आहे. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते. ते दिवस आधी नोटीस बोर्डावर लावा. आम्ही तेवढ्या रात्री ताईकडे अंबरनाथला जातो. भांडण नको, तारीख हवी.

शेवटची चिठ्ठी. "ऑफिस चर्चगेटला, घरी यायला अकरा वाजतात, मुलगी बाबांसाठी जागते. काय करू?" तुमची भेट सकाळी हलवा. आमच्याकडे साडेसहाला बापलेक डबा भरतात. पोळ्या मी करते, भाजी ते दोघं भरतात, भांडत भरतात. रात्री नवरा आला की दार मी त्याला किल्लीने उघडू देते, बेल वाजवायची नाही. पहिले पंधरा दिवस मुलगी रडेल. तेवढे काढा.