पियानो कोणी पाठवला?

आजच्या रहस्यकथेत खून नाही, प्रेत नाही. जेन ऑस्टिनची 'एमा', १८१५ची. स्पॉयलर आहेत हां, आधीच सांगते.

हायबरी गावात जेन फेअरफॅक्स मावशीकडे राहायला येते. अनाथ, गुणी, पण पैसा नाही. पुढे कुणाच्या तरी घरी गव्हर्नेस व्हायचं. आणि एक दिवस त्या छोट्या घरात ब्रॉडवुडचा पियानो येतो. पाठवणाऱ्याचं नाव नाही!

श्रीमंत, रिकामी एमा लगेच डिटेक्टिव्ह होते. पाठवणारा म्हणजे जेनच्या मैत्रिणीचा नवरा, डिक्सन! हे ती फ्रँक चर्चिलला सांगते. तोही हसत हसत होला हो करतो.

आता पुरावे बघा. हाच फ्रँक नुकताच सोळा मैलांवर लंडनला जाऊन आलाय, का तर म्हणे केस कापायला! जेन पावसातसुद्धा स्वतः पोस्टात जाते. मी पहिल्यांदा वाचताना केसांच्या वाक्यावर हसले आणि चक्क पुढे गेले. संशय येतो फक्त मिस्टर नाइटलींना. त्यांचं एमावर प्रेम, त्यामुळे फ्रँकवर डोळा असतोच!

तर, जेन आणि फ्रँकचं लग्न गुपचूप ठरलेलं. मामीला कळलं तर इस्टेट हातची जाणार, म्हणून ही लपवाछपवी.

मला खटकतं ते डिक्सनचं गॉसिप. ते पसरलं असतं तर जेनला कोणत्या घराने मुलींना शिकवायला ठेवलं असतं? फ्रँकला खरं काय ते ठाऊक होतं. तरी तो हसला.

पुन्हा वाचाल तेव्हा तो प्रसंग जेनच्या बाजूने वाचा. आणि मला कळवा, तुम्ही फ्रँकला माफ केलं का?