कोर्टाची पायरी विद्यार्थ्याने चढावी
(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेले भाषण)



'शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये' ही म्हण आपल्या घराघरांत ऐकू येते. शहाण्याने चढू नये, हे ठीकच आहे. परंतु जो अजून शहाणा व्हायचा आहे, त्या विद्यार्थ्याने ती पायरी अवश्य चढावी आणि आईवडिलांनी त्याला अडवू नये, एवढेच आज मला सांगायचे आहे.

याला एक प्रसंग कारण झाला. माझी एक माजी विद्यार्थिनी भंडाऱ्याहून नागपूरला एम.एस.डब्ल्यू. करण्यासाठी गेली. या शिक्षणात वर्गाबरोबरच क्षेत्रकार्य असते. आठवड्यातून साधारण दोन दिवस विद्यार्थ्याने एखाद्या संस्थेत प्रत्यक्ष काम करायचे, त्याचा अहवाल लिहायचा आणि तो आपल्या प्राध्यापकांना दाखवायचा. हिच्या वाट्याला पोलीस ठाण्यातील महिला कक्ष आला. तिचे वडील माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, आमच्या खानदानात कुणी ठाण्याचे तोंड पाहिले नाही. उद्या पोरीचे लग्न करायचे आहे. लोक काय म्हणतील?"

खरे सांगतो, मीही त्यांच्याच बाजूने बोललो. तिला फोन करून म्हणालो, "बेटी, एखादी बालवाडी किंवा दवाखाना मागून घे." ती म्हणाली, "सर, बी.एड.ला तुम्ही सराव पाठ घेतलेच ना? मुलांसमोर उभे न राहता शिक्षक झाला असता का?" मला उत्तर सुचले नाही. पुढे ती त्या कक्षात गेली.

काही महिन्यांनी आमच्या मोहल्ल्यातील एक बाई रडत माझ्या दारात आल्या. मुलाला मारामारीच्या प्रकरणात अटक झाली होती. जामीन मंजूर झाला होता, पण मुलगा आतच होता, कारण ऐपतीचा दाखला असलेला जामीनदार मिळत नव्हता. मी बी.ए., बी.एड. माणूस. शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो, मूलभूत हक्क पाठ करून घेतो. त्या माउलीला कोणत्या दारात पाठवावे, हे मला ठाऊक नव्हते. शेवटी त्याच मुलीला विचारले. तिने सांगितले, "जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तिथे जा. कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो. जामिनाची अट सौम्य करण्याचा अर्ज ते करतील." तसे केले आणि मुलगा घरी आला. मंजूर जामीन हातात असताना त्याने आत काढलेले दिवस मात्र कुणी परत दिले नाहीत.

मित्रहो, ही मदत म्हणजे कुणाची मेहरबानी नव्हे. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम 1987 चा आहे आणि 9 नोव्हेंबर 1995 पासून तो अमलात आहे. स्त्रिया, मुले आणि कोठडीतील व्यक्ती यांना त्यात उत्पन्नाची अट नाही. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकाने प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी सांगितले आहे. त्याच वर्षी गरीब बंद्यांसाठी केंद्राची योजना आली. तिच्या अटींत बसणाऱ्या कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आर्थिक मदत मिळू शकते. कायदा आहे, पैसा आहे. उणीव आहे ती कागद घेऊन या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत जाणाऱ्या जाणत्या माणसाची.

असा माणूस पुस्तकातून तयार होत नाही. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलिसांच्या सहकार्याने 1984 साली महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्य शिकलेली माणसे पोलिसांच्याच इमारतीत बसून पीडित बाईचे ऐकू लागली. पुढे हे कक्ष महाराष्ट्राच्या अनेक जिल्ह्यांत निघाले. त्याच संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प 1990 पासून तुरुंगातील माणसांसाठी काम करतो. वकिलीच्या विद्यार्थ्यालाही आज तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात 12 आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात 20 आठवडे प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यावाच लागतो.

आता थोडे कटू बोलतो. 2022 च्या अखेरीस देशातील तुरुंगांत 5,73,220 बंदी होते. त्यांपैकी 4,34,302, म्हणजे शंभरातले सुमारे 76, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा होता. या कच्च्या कैद्यांत आपल्या समाजाचे प्रमाण लोकसंख्येतील प्रमाणाहून जास्त आहे. प्रा. विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी महाराष्ट्राच्या तुरुंगांतील मुस्लिम बंद्यांचा अभ्यास केला, तो 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यांना भेटलेल्या बहुतेकांचा गुन्हेगारी टोळ्यांशी संबंध नव्हता. म्हणजे ही दारे आपल्याला परकी नाहीत. आपण त्या दारांतून एकाच बाजूने आत जातो, हे आपले दुखणे आहे. त्याच दारातून आपली मुलगी वही-पेन घेऊन, शिकाऊ म्हणून आत गेली, तर त्यात लाज कसली?

पालकांची काळजी मी समजतो. म्हणून तीन गोष्टी सांगतो. पहिली, मुलाला पाठवण्यापूर्वी महाविद्यालयात जाऊन विचारा: देखरेख कोण करणार, वेळ कोणती, अडचण आली तर कुणाला सांगायचे? हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. दुसरी, मुलगा घरी आल्यावर 'आज कुणाची केस होती' असे विचारू नका. तिथे ऐकलेले गुपित ही अमानत आहे. बालकाची ओळख उघड करणे तर कायद्यानेच गुन्हा आहे. तिसरी, विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी. तिथे तुम्ही साहेब म्हणून जात नाही, समाजाचे वकील म्हणूनही जात नाही. समोरचा माणूस कोणत्याही जातीधर्माचा असो, त्याचे ऐकून घ्यायला शिका. पोलिसांच्याही अडचणी पाहा. त्यांचे कामाचे तास आणि कागदांचे ढीग पाहिलेत, तर राग थोडा कमी होईल आणि प्रश्न अधिक नेमके विचाराल.

ही वाट नोकरीलाही जाते. बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्याबरोबर दोन समाजकार्यकर्ते बसतात, त्यांपैकी किमान एक स्त्री असते. परिवीक्षा अधिकारी, संरक्षण अधिकारी, समुपदेशक अशी पदे आहेत. डॉक्टर आणि इंजिनियर यांच्यापलीकडे आपण मुलांना काही दाखवतच नाही.

संस्थेला माझी नम्र विनंती आहे की, बारावीच्या मुलामुलींना वर्षातून एकदा जिल्हा न्यायालयात न्यावे. सुनावणी साधारणपणे खुली असते. परवानगीने, शांतपणे मागे बसता येते. न्यायाची भाषा त्यांच्या कानावर संकटाच्या दिवशी पहिल्यांदा पडू नये.

त्या मुलीचे वडील परवा बाजारात भेटले. म्हणाले, "सर, आता मोहल्ल्यातले लोक कागद घेऊन माझ्या घरी येतात. मी म्हणतो, थांबा, पोरगी शनिवारी येईल."