यशवंत घाडगे आणि बाकीची नावे



आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळा थोडी, शिकलो ते हजेरीपट वाचता वाचता. म्हणून इतिहास उघडला तरी आमची नजर आधी हेच पाहते की, नावे कोणाची लागली आणि कोणाची गळाली.

१० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनची एक तुकडी पुढे सरकत होती. तिचा नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा, वय वर्षे २२. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि नाईक सोडून तुकडीतला प्रत्येक जण ठार वा जखमी झाला. घाडगे एकटा धावला. हातबॉम्ब टाकून त्याने मशीनगन आणि ती चालवणारा गारद केला. आणखी एकाला गोळी घातली. पुन्हा काडतुसे भरायला सवड नव्हती. उरलेल्या दोघांना बंदुकीच्याच तडाख्यांनी लोळवले. मग शत्रूच्या नेमबाजांनी त्याला टिपले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात पुतळा झाला. २०२३ साली इटलीतल्या मोंतोने गावी त्याच्या स्मरणार्थ सूर्यघड्याळ उभे राहिले.

आमचे काही मित्र विचारतात, इंग्रजांच्या फौजेत मेलेल्याचे स्मरण आपण का करावे? प्रश्न रास्त आहे. १९३९ साली व्हाइसरॉयने आपल्याला न विचारताच हिंदुस्थान युद्धात ओढला. पण युद्ध पुकारणारा वेगळा आणि मरणारा वेगळा. पलटणीत जाण्यात मर्दुमकी असते, तशी भाकरीही असते. धरणगावकरांना हे सांगायला नको. १८२५ साली औट्रमने येथेच भिल्ल पलटण उभारली आणि भिल्लांना पगार देऊन भिल्लांच्याच बंदोबस्ताला धाडले. आणि हेही विसरू नये की, २ मे १९३३ रोजी हिटलरने जर्मन कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या, पुढाऱ्यांना तुरुंगात डांबले. घाडगेने बंद पाडलेली मशीनगन त्या राजवटीची होती.

तेव्हा घाडगेला आमचा मुजरा आहेच. आमचे भांडण आहे ते बाकीच्यांसाठी. त्याच्याबरोबर पडलेल्यांची नावे आपल्यापैकी किती जण सांगतील? दुसऱ्या महायुद्धात हिंदी फौजेचे सुमारे ८७,००० जवान कामी आले. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने गावोगाव दगडी पाट्या बसवल्या: या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. आकडा आहे, नाव नाही! गिरणीमालकही असाच हिशेब ठेवतो : इतके हात कामावर, इतके कमी. कासिनोच्या स्मारकाने मात्र थडगे न लाभलेल्या चार हजारांवर सैनिकांची नावे कोरली आहेत. घाडगेचे नाव त्यांतच आहे.

पुतळ्याला पैसा लागतो, नावाला लागत नाही. आपापल्या गावी गेलात की जाणत्यांना विचारा, कोणाच्या घरचा कोण परमुलखात पडला. नावे लिहून घ्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. एक नाव लागले, तरी एका आईचे देणे फिटेल.